‘वीकनेस’ या एका शब्दाआड

गेल्या वर्षी पावसाळा ओसरू लागला तसतशी आमच्या ओटीवरील एक आरामखुर्ची हळूहळू दादांची झाली. पूर्वी ती कोणाचीच नव्हती. सकाळी वर्तमानपत्र घेऊन कोणीही तिच्यात बसे आणि दहा मिनिटांनी उठे. दादा मात्र एकदा बसले की उठेनासे झाले.

दादा म्हणजे माझे सासरे. वय ७८. भिवंडीच्या यंत्रमागांवर त्यांनी जॉबर म्हणून चाळीस वर्षे काम केले. बिघडलेला माग नुसत्या आवाजावरून ओळखावा, अशी त्यांची ख्याती. निवृत्तीनंतरही पहाटे कामवारी नदीच्या दिशेने एक फेरी, परतताना भाजी, दुपारी वाचनालय आणि संध्याकाळी जुन्या सहकाऱ्यांबरोबर चहा हा त्यांचा नेम कधी चुकला नव्हता. आधी पहाटेची फेरी थांबली. मग वाचनालय दूर वाटू लागले. शेवटी चहाचे मित्रच घरी येऊ लागले.

घरात प्रत्येकाने या स्थितीला आपापले नाव दिले. ह्यांनी त्याला ‘आळस’ म्हटले. मी ‘मरगळ’ म्हणाले आणि ती हवेमुळे आली असावी, अशी स्वतःची समजूत घातली. मुलगी महाविद्यालयात शिकते. तिने ‘आजोबा फार लेथार्जिक झालेत’ असे जाहीर केले. दादा स्वतः फक्त ‘बरं वाटत नाही’ एवढेच म्हणत. या साऱ्याचा गोषवारा म्हणून आम्ही डॉक्टरांना एकच शब्द सांगितला : ‘वीकनेस’. डॉक्टरांनीही कागदावर तोच शब्द लिहिला. शक्तिवर्धक औषध आणि गोळ्या आल्या. मधल्या काळात आमच्याच आग्रहावरून एक सलाइनची बाटलीही चढवून झाली. यात सहा आठवडे गेले.

ते सहा आठवडे कसे वाया गेले आणि शेवटी कोणत्या वाक्याने आम्ही सावध झालो, ते पुढे सांगणारच आहे. त्याआधी थोडे शब्दांविषयी लिहायचे आहे. मी आयुष्यभर भाषा शिकवली; पण शब्द चुकला तर उपचारही चुकू शकतो, हा धडा मला निवृत्तीनंतर घरातच मिळाला.

एक गाव, अनेक भाषा, एकच तक्रार

भिवंडी हे भाषांचे गाव आहे. उत्तरेकडून आलेल्या विणकर कुटुंबांची उर्दू आणि हिंदी, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाची तेलुगू, आसपासच्या गावांतील आगरी बोली आणि आमची मराठी या सगळ्या भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात. त्यामुळे दादांची चौकशी करायला आलेल्या प्रत्येकाने आपल्या भाषेतील शब्द आणला.

दादांचे जुने सहकारी चाचा म्हणाले, ‘‘कमज़ोरी है, भाई.’’ कमजोरी म्हणजे जोर कमी. या शब्दाचा रोख बळावर आहे. शेजारच्या पद्मशाली घरातील आजी म्हणाल्या, ‘‘नीरसम्.’’ तेलुगूत अंगातील शक्ती गेल्यासारखे वाटण्याला हा शब्द आहे. मराठीत नीरस म्हणजे कंटाळवाणे, तेलुगूत मात्र तो गळून गेलेल्या देहाला लागतो. जणू उसातून रस निघून गेला आणि चिपाड उरले. एका शब्दात ताकद मोजली जाते, दुसऱ्यात ओलावा.

आपल्या मराठीतही या बाबतीत दारिद्र्य नाही. कामाने येतो तो थकवा. दिवसभराच्या प्रवासाने येतो तो शीण. ‘क्षीण’ या संस्कृत शब्दाचाच हा घरगुती अवतार. जिना चढून माणूस दमतो आणि या क्रियापदात छातीतला दम स्पष्ट ऐकू येतो. तापातून उठल्यावर येतो तो अशक्तपणा. ताप येण्यापूर्वी अंगात असते ती कसर किंवा कणकण. जेवणानंतर येते ती सुस्ती, औषधाने येते ती गुंगी, डोळ्यांवर येते ती झापड. वाईट बातमी ऐकून हातपाय गळतात. उपासाने भोवळ येते. आणि कशातच गोडी वाटेनाशी होते, तेव्हा आपण म्हणतो, ‘मनाला उभारी नाही.’

हे सारे शब्द आपल्या आजीला ठाऊक होते आणि ती ते नेमके वापरीत असे. आपण दवाखान्याच्या पायरीवर पाऊल ठेवले की ते सारे बाहेर ठेवतो आणि एकटा ‘वीकनेस’ आत नेतो. तो सर्व भाषिकांना कळतो, म्हणून सोयीचा वाटतो. पण सर्वांना कळणारा शब्द नेमका असतोच असे नाही.

सुश्रुतांची विभागणी

अंगातील शक्ती नाहीशी होण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत, हे आपल्या प्राचीन वैद्यांना चांगले ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील चौथ्या अध्यायात तंद्रा, क्लम, आलस्य, ग्लानी आणि गौरव या अवस्थांची लक्षणे स्वतंत्रपणे सांगितली आहेत. रोजच्या बोलण्यात आपण ज्यांना सरसकट ‘थकवा’ म्हणू, त्यांना तेथे वेगवेगळी घरे दिलेली आहेत.

इंद्रियांना आपापले विषय नीट कळेनासे होणे, जांभया येणे, झोपेने घेरल्यासारखे होणे ही तंद्रा. कष्ट केलेले नसताना शरीराला येणारा आणि धाप न लागता जाणवणारा थकवा म्हणजे क्लम. अंगात सामर्थ्य असूनही काम करण्याचा उत्साह नसणे, सुखाची ओढ आणि कष्टांचा तिटकारा असणे हे आलस्य. अन्नाची इच्छा नाही, तोंडाला गोडसर चव, भोवळ आणि छातीत पिळवटल्यासारखे वाटणे ही ग्लानी. ओल्या कातड्याने गुंडाळल्यासारखे अंग जड वाटणे आणि डोकेही जड होणे हे गौरव.

यातील आलस्याची व्याख्या पुन्हा एकदा वाचावी. ‘सामर्थ्य असूनही’ ही तिची अट आहे. म्हणजे एखाद्या वृद्ध माणसाला आळशी ठरवायचे, तर आधी त्याच्या अंगात सामर्थ्य आहे याची खात्री करून घेणे आपल्यावर येते. आमच्या घरात ती खात्री कोणीही केली नव्हती. शब्द मात्र सहज उच्चारला गेला होता, आणि दादांनी तो ऐकलाही होता.

इंग्रजी शब्दांच्या छटा

आजचे वैद्यकीय व्यवहार बहुतांशी इंग्रजीत चालतात. डॉक्टरांच्या कागदावर जे शब्द उमटतात, त्यांचे अर्थ आपण घरी वापरतो त्याहून पुष्कळदा वेगळे असतात. म्हणून त्यातील काहींची ओळख करून घेणे उपयोगाचे आहे.

‘वीकनेस’ हा शब्द आपण सर्वाधिक वापरतो आणि घोटाळाही त्याच्यातच सर्वाधिक होतो. डॉक्टरांच्या दृष्टीने त्याचा काटेकोर अर्थ स्नायूंची ताकद कमी होणे असा आहे. हात वर उचलला जात नाही, मुठीत वस्तू धरवत नाही, जमिनीवर बसल्यावर उठता येत नाही, हा खरा वीकनेस. म्हणूनच ही तक्रार सांगितल्यावर एखादे डॉक्टर ‘‘माझा हात घट्ट दाबा पाहू’’ असे म्हणतात. हात घट्ट दाबला गेला की रुग्णाला वाटते, यांनी आपली तक्रार खोटी ठरवली. वास्तविक दोघे दोन वेगळ्या गोष्टींविषयी बोलत असतात.

‘फटीग’ म्हणजे विश्रांतीनेही पुरता न जाणारा थकवा. ताकद असते, पण ती टिकत नाही. हाच शब्द यंत्रशास्त्रातही आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे आस अचानक तुटू लागले, तेव्हा अभियंत्यांच्या लक्षात आले की एकदाच पडलेल्या मोठ्या भारापेक्षा पुनःपुन्हा पडणारा लहान ताण धातूला आतून झिजवतो. मागाचा दांडा वरून धडधाकट दिसत असताना एके दिवशी मोडतो, हे भिवंडीकरांना वेगळे सांगायला नको.

‘एक्झॉशन’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील पाणी उपसण्याची कल्पना आहे. विहीर उपसून तळ लागावा, तशी ही अवस्था. तिला उपाय एकच, झरे पुन्हा भरू देणे. म्हणजे झोप, आहार, पाणी आणि वेळ.

‘लेथार्जी’ हा आमच्या मुलीचा शब्द. ग्रीक पुराणकथांत पाताळात लीथी नावाची नदी आहे. तिचे पाणी प्यायले की मागचे सारे विसरते. त्या विस्मृतीचा अंश या शब्दात आहे. घरी आपण आळसावलेल्या मुलालाही लेथार्जिक म्हणतो. पण रुग्णालयात हा शब्द लिहिला जातो, तेव्हा त्याचा अर्थ रुग्णाची जागरूकता कमी झाली आहे, असा घेतला जातो. हाक मारल्यावर उत्तर उशिरा येते, बोलता बोलता डोळा लागतो, ही ती स्थिती. हा शब्द फोनवरून डॉक्टरांना सांगताना जपून वापरावा. आणि खरोखरच तशी स्थिती असेल, तर मुळीच संकोच न करता सांगावा.

‘ड्राउझी’ म्हणजे पेंगुळलेला. झोप अपुरी झाली, रात्री घोरताना श्वास अडखळत असला किंवा एखादे औषध गुंगी आणणारे असले, तर दिवसा पेंग येते. थकलेल्या माणसाला विसावा हवा असतो. पेंगुळलेल्या माणसाला बसल्या जागी झोप लागते. हा फरक घरच्यांनाच अचूक सांगता येतो.

‘मॅलेज’ हा मूळचा फ्रेंच शब्द. अंगाला चैन नसणे, इतकाच त्याचा अर्थ. आपली कसर किंवा कणकण हा त्याचा सख्खा भाऊ. पुष्कळदा तो येणाऱ्या आजाराचा निरोप असतो.

‘लिस्टलेस’ या शब्दातील ‘लिस्ट’चा यादीशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ इच्छा किंवा ओढ असा होता. इच्छाच उरली नाही, असा माणूस लिस्टलेस. ‘ॲपथी’ त्याच्याही एक पाऊल पुढे : भावना उमटणेच थांबणे. या दोन शब्दांचा संबंध बाहूंपेक्षा मनाशी अधिक आहे. नैराश्य आणि स्मृतिभ्रंश यांच्या संदर्भात डॉक्टर ते वापरतात.

वृद्धांच्या वैद्यकशास्त्राने तर या शब्दांमधील भेदांवर निदान उभे केले आहे. लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये वार्धक्यातील जर्जरतेचे पाच निकष मांडले : नकळत वजन घटणे, गळून गेल्यासारखे वाटणे, मुठीची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. यांपैकी तीन किंवा अधिक आढळल्यास ती व्यक्ती जर्जर मानली जाते. ‘गळून गेल्यासारखे वाटणे’ आणि ‘पकड सैल होणे’ हे येथे दोन स्वतंत्र निकष आहेत, हे ध्यानात घ्यावे. एक रुग्णाने सांगायचा, दुसरा उपकरणाने मोजायचा. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधून चालत नाही.

बाटलीचा मोह

अशक्तपणावर ‘बाटली लावा’ अशी मागणी आपल्याकडे सर्रास होते. आम्हीही ती केली. नंतर मी हिशोब केला. ५ टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. तिच्यातून मिळणारे उष्मांक शंभराच्या आतबाहेर, म्हणजे एका केळ्याइतके. ज्याला तोंडाने खाता-पिता येते, त्याच्या थकव्यावर ती बाटली औषध नव्हे.

शरीरातील पाणी खरोखर कमी झाले असेल, उलट्या-जुलाब होत असतील किंवा शुद्ध हरपली असेल, तर सलाइन जीव वाचवते. त्याविषयी शंका नाही. पण ज्याचे हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर आहे, अशा वृद्धाच्या शरीरात गरज नसताना पाणी आणि मीठ भरले, तर छातीत पाणी साठून धाप वाढू शकते. बाटली लागल्यावर दोन तास बरे वाटते. त्यात निजून राहण्याचा, पंख्याखालच्या गारव्याचा आणि आपली कोणीतरी काळजी घेत आहे या भावनेचा वाटा मोठा असतो. ती भावना तर घरीही देता येते.

आमच्या तालुक्यातील वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथील गरम पाण्याच्या कुंडांविषयीही हेच म्हणता येईल. कामाने आंबलेले अंग तेथे मोकळे होते, हा पिढ्यांचा अनुभव आहे. पण ज्याला कारण नसताना थकवा येतो, ज्याला हृदयविकार आहे किंवा ज्याचा रक्तदाब उभे राहताच उतरतो, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेथे उतरू नये. शिणावरचा उपाय रोगावर चालेलच असे नाही.

कांडी संपल्याची गोष्ट

सातव्या आठवड्यात आम्ही दादांना दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नेले. मी सवयीने ‘वीकनेस’ म्हटले. त्यांनी मला हाताने थांबवले आणि खुर्ची दादांकडे वळवली.

‘‘आजोबा, तुम्हीच सांगा. झोप येत राहते, की अंगात ताकद नाही, की काही करावंसंच वाटत नाही?’’

दादा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, करावंसं फार वाटतं. रोज पहाटे मनात येतं, आज नदीपर्यंत जाऊ. पण कसं झालंय सांगू का, धोट्यातली कांडी संपल्यावर माग नुसता खडखडत राहतो, कापड पुढे विणलं जात नाही. तसं झालंय. कोपऱ्यापर्यंत गेलो की छाती भरून येते आणि थांबावं लागतं.’’

त्या एका उत्तरात तिन्ही प्रश्नांचा निकाल लागला होता. इच्छा आहे, म्हणजे आळस नाही आणि नैराश्याचा संशयही कमी. झोप येत नाही, म्हणजे गुंगी नाही. श्रम केले की दम लागतो, म्हणजे शरीराला पुरवठाच अपुरा पडतो आहे. डॉक्टरांनी दादांच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, नखे पाहिली आणि विचारले, ‘‘शौचाचा रंग काळा असतो का?’’

दादा संकोचले. दोन महिन्यांपासून तसे होत होते. सुनेसमोर हे कसे सांगायचे, म्हणून ते बोलले नव्हते. मग गुडघ्यांच्या गोळ्यांचा विषय निघाला. एका जुन्या चिठ्ठीवर ते वेदनाशामक गोळ्या परस्पर आणून रोज घेत होते. त्यांनी जठरात व्रण झाला होता आणि थेंबाथेंबाने रक्त झिरपत होते. हिमोग्लोबिन ६.९ निघाले. प्रौढ पुरुषात ते १३ च्या खाली गेले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार रक्तक्षय मानतात. स्त्रियांसाठी ही मर्यादा १२ आहे.

दादांना रुग्णालयात ठेवावे लागले. रक्त चढवले, दुर्बिणीतून तपासणी झाली, व्रणावर औषध सुरू झाले आणि त्या गोळ्या कायमच्या बंद झाल्या. पुढचे काही महिने लोहाच्या गोळ्या चालल्या. नंतर एका पहाटे दार वाजले म्हणून मी जागी झाले. आरामखुर्ची रिकामी होती. दादा पिशवी घेऊन निघाले होते.

ह्यांनी त्या दिवशी वडिलांची क्षमा मागितली. दादा हसून एवढेच म्हणाले, ‘‘अरे, मलाही तो आळसच वाटत होता.’’ मला त्या हसण्यापेक्षा हे वाक्य अधिक टोचले. आपण दिलेला शब्द माणूस स्वतःविषयीही खरा मानू लागतो.

कोणत्या शब्दामागे काय असू शकते

पुढील माहिती निदान करण्यासाठी दिलेली नाही. डॉक्टरांना नेमके काय सांगावे, हे ठरवण्यासाठी ती वाचावी.

‘दम लागतो, थोडे चालले की थांबावे लागते’ : रक्तक्षय, हृदयाचे किंवा फुफ्फुसांचे विकार. पायांवर सूज आहे का, रात्री दोन उशा लागतात का, हेही सांगावे.

‘खुर्चीतून उठवत नाही, जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत’ : स्नायूंची झीज. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता पाच वेळा उठून बसण्यास १५ सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर पायांची ताकद कमी झाल्याचा तो संकेत मानतात. ही चाचणी कोणी जवळ उभे असतानाच करावी. व्यायाम आणि पुरेशी प्रथिने यांनी ही ताकद उतारवयातही वाढवता येते. खूप दिवस पडून राहण्याने मात्र ती झपाट्याने घटते.

‘अंग जड, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ, त्वचा कोरडी’ : थायरॉइडचे काम मंदावलेले असू शकते. साध्या रक्ततपासणीत ते कळते.

‘हातापायांना मुंग्या आणि थकवा’ : बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. शाकाहारी व्यक्ती, मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणारे मधुमेही आणि आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणारे यांच्यात ती अधिक आढळते.

‘उभे राहिल्यावर अंधारी येते’ : उभे राहताच रक्तदाब उतरणे. त्यासाठी निजून आणि उभे राहून, असा दोनदा रक्तदाब मोजण्यास सांगावे.

‘दिवसा पेंग येते’ : झोपेतील श्वासाचा विकार किंवा औषधांचा परिणाम. घरातील सर्व गोळ्या, सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्यांसह, एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवाव्यात.

‘काही करावेसे वाटत नाही, कशात गोडी नाही’ : नैराश्य. नैराश्याच्या तपासणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत रस न वाटणे आणि थकवा जाणवणे यांसाठी दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन आठवडे किंवा अधिक काळ असे चालू असेल, तर बोलावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

आता ज्या स्थितींत वाट पाहू नये, त्या सांगते. एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, म्हणून प्रत्येक मिनिट मोलाचे असते. अचानक कमालीचा थकवा, घाम आणि धाप ही वृद्धांमध्ये, स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखताही हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणे असू शकतात. मधुमेहीला दरदरून घाम, थरथर आणि गळल्यासारखे झाले, तर साखर तपासावी. ती ७० च्या खाली असेल आणि व्यक्ती शुद्धीवर असेल, तर लगेच साखरेचे पाणी द्यावे. काळे, डांबरासारखे शौच म्हणजे आतील रक्तस्राव असू शकतो. आणि काल बोलणारे आजोबा आज गुमसुम, झोपाळू, असंबद्ध वाटू लागले, तर ‘थकले असतील, झोपू दे’ असे म्हणू नये. लघवीच्या मार्गातील किंवा छातीतील संसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, पाणी कमी पडणे यांमुळे वृद्धांमध्ये अशी शांत भ्रमावस्था येते. कित्येकदा तापही नसतो. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सांभाळणाऱ्याचा शीण

दादांच्या आजारपणात एक शब्द माझ्याही वाट्याला आला. रात्री जागून, सकाळी डबे करून, दुपारी रुग्णालयात बसून मी एके दिवशी भाजीवाल्यावर उगाच ओरडले आणि घरी येऊन रडले. मुलगी म्हणाली, ‘‘आई, तू बर्नआउट झालीस.’’

हा शब्द मानसशास्त्रात १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी रूढ केला. न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात सेवाभावाने राबणारी माणसे हळूहळू कोरडी आणि चिडचिडी होताना त्यांनी पाहिली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात या शब्दाचा उपयोग नोकरी-व्यवसायातील ताणापुरता मर्यादित ठेवला आहे. पण घरात चोवीस तास चालणारी ही नोकरी नव्हे तर काय? तिला ना पाळी बदलते, ना साप्ताहिक सुट्टी मिळते. यंत्रमागावरील कामगारालाही रातपाळीनंतर दुसरा माणूस येऊन मोकळे करतो.

या थकव्याची खूण म्हणजे ज्याच्यावर माया आहे त्याचाच राग येऊ लागणे. तो स्वभावातील दोष नाही. विहिरीचा तळ लागल्याची ती खूण आहे. आम्ही त्यानंतर आठवड्याच्या पाळ्या ठरवल्या. दोन रात्री ह्यांच्या, एक मुलीची, आणि रविवारी दुपारी चाचा येऊन दादांजवळ बसत. शेजारच्या आजींनी डब्याचा भार उचलला. मला आठवड्यातून चार तास स्वतःचे मिळाले. तेवढ्यानेही झरे पुन्हा वाहू लागले.

विचारावे कसे?

आपल्या घरातील वृद्धांना ‘कसं वाटतंय?’ असे विचारले की ‘बरं आहे’ हेच उत्तर येते. त्याऐवजी तीन प्रश्न विचारून पाहावेत. झोप येते का? ताकद कमी वाटते का? की मनच होत नाही? त्यापुढे आणखी दोन : हे केव्हापासून आहे, आणि पूर्वी जमत होते ते कोणते काम आता जमत नाही? उत्तरे त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवावीत आणि डॉक्टरांना तीच वाचून दाखवावीत. ‘वीकनेस आहे’ यापेक्षा ‘महिनाभरापूर्वी नदीपर्यंत जात होते, आता कोपऱ्यावर थांबतात’ हे वाक्य डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगून जाते. शौच, लघवी यांविषयीचे प्रश्न सून किंवा मुलीपेक्षा मुलाने किंवा नातवाने एकांतात विचारले, तर संकोच कमी होतो.

आणि त्यांनी एखादा विचित्र वाटणारा शब्द किंवा दाखला वापरला, तर तो दुरुस्त करू नये. शेतकरी कोरड्या पाटाचा दाखला देईल, शिंपी सैल टाक्याचा, आणि भिवंडीचा जॉबर संपलेल्या कांडीचा. आयुष्यभर ज्या कामात हात घातला, त्याच कामाच्या भाषेत माणूस आपल्या देहाचे दुखणे सर्वांत खरे सांगतो. आमच्या ओटीवरील खुर्ची आता पुन्हा कोणाचीच नाही. ती रिकामी दिसली की मला बरे वाटते.